रे रोडच्या शेडमधली जुनी इंजिने: एका खासगी संग्रहाचे परीक्षण

मुंबईत जुनी इंजिने पाहायची म्हटले की बहुतेकांना रेल्वेचीच इंजिने आठवतात, आणि ती पाहण्याची सोयही शहरात बऱ्यापैकी आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या उद्यानात वाफेचे रेल्वे इंजिन आहे, वाफेवर चालणारी लॉरी आहे. बोरीबंदर ते ठाणे या १८५३ सालच्या पहिल्या गाडीची आणि ती ओढणाऱ्या ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ या तीन इंजिनांची गोष्ट तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र जे इंजिन जन्मभर एकाच जागी उभे राहिले, ज्याने गिरणी चालवली, विहिरीचे पाणी उपसले, सरकी काढली, पीठ दळले आणि छापखाना हलवला, त्याच्या वाट्याला असे कौतुक फारसे आले नाही. रे रोडच्या पूर्वेला, दारूखान्याच्या वाटेवर असलेल्या एका जुन्या शेडमधला खासगी संग्रह ही उणीव काही अंशी भरून काढतो. तो पाहण्यासारखा नक्कीच आहे. मात्र त्याच्या मांडणीत काही गोष्टी खटकतात, आणि त्या स्पष्टपणे लिहायला हव्यात.

संग्रह एका कुटुंबाच्या मालकीचा आहे आणि त्यांच्या विनंतीवरून येथे त्यांचे नाव व पत्ता दिलेला नाही. वारसा-फेऱ्या काढणारे गट आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्यामार्फत नोंदणी होते. नोंदणी झाली की ठिकाण कळवले जाते. माणशी अडीचशे रुपये घेतात, त्यात चहा येतो, आणि सुमारे दोन तास एक निवृत्त फिटर सगळी शेड फिरवून दाखवतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. हार्बर मार्गावरच्या रे रोड स्थानकापासून चालत जाता येते, मात्र वाटेवर ट्रक, लोखंडी पत्रे आणि भंगाराचे ढीग असल्यामुळे चपलांऐवजी बूट घालून जाणे शहाणपणाचे आहे.

जागेची निवड योगायोगाची नाही. दारूखान्यात वर्षानुवर्षे जहाजे तोडली गेली आणि त्यांच्या पोटातली यंत्रे बाहेर पडून इथल्या वखारींत येत राहिली. संग्रहातला पहिलाच महत्त्वाचा नग याच मार्गाने आलेला आहे. तो म्हणजे वर्दिंग्टन पद्धतीचा जोड-पंप. बॉयलरमध्ये पाणी ढकलण्यासाठी असे पंप वाफेच्या जहाजांवर सर्रास असत. त्याला क्रँक नाही, फ्लायव्हील नाही, गोल फिरणारे काहीही नाही. शेजारी-शेजारी दोन वाफेची सिलिंडरे, त्यांच्या समोर पाण्याची दोन सिलिंडरे, आणि प्रत्येक बाजूचा दांडा एका आडव्या तरफेने दुसऱ्या बाजूची झडप सरकवतो, एवढीच त्याची रचना. त्यामुळे एक दट्ट्या टोकाला पोहोचला की तेथेच थांबतो, दुसऱ्याने त्याची झडप हलवेपर्यंत वाट पाहतो आणि मगच परत फिरतो. हा क्षणभराचा थांबा पाहण्यासारखा आहे. येथे तो वाफेऐवजी दाबाच्या हवेवर चालवतात, आणि मामा हवेचा दाब इतका कमी ठेवतात की ही देवघेव डोळ्यांना स्वच्छ दिसते, आणि पाण्याच्या बाजूला एक लहान टाकी जोडलेली असल्यामुळे प्रत्येक फेरीला नळीतून पाण्याची धार पुढे उसळते. इंजिन काय काम करत होते हे सांगायला येथे पाटीची गरज उरत नाही.

अशा संग्रहाची पारख माझ्या मते येथूनच सुरू होते. स्थिर इंजिन एकटे ठेवले तर ते अर्धेच असते, कारण त्याचा अर्थ पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. तेथे पंप असेल, चक्की असेल, चरक असेल, तर पाहणाऱ्याला लगेच कळते की एवढे मोठे चाक कशासाठी, वेग कायम राखणाऱ्या गव्हर्नरची एवढी काळजी कशासाठी. तेथे काहीच नसेल तर उरतो तो रंगवलेला लोखंडाचा ठोकळा आणि त्यावरची अश्वशक्तीची पाटी. या शेडमध्ये दोन्ही प्रकार आहेत आणि त्यांतला फरक इतका ठळक आहे की मालकांना तो जाणवला कसा नाही याचे नवल वाटते.

शेडच्या मध्यभागी किर्लोस्कर बनावटीचे एक सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती नांगर आणि चरकांसाठी. ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना पुण्याजवळ खडकीला १९४६ साली उभा राहिला, आणि पुढच्या काही दशकांत सांगली-साताऱ्यापासून मराठवाड्यापर्यंत विहिरीवरच्या मोटेची जागा या इंजिनांनी आणि सातारारोडच्या कूपर इंजिनांनी घेतली. शेडमधल्या इंजिनाला सपाट पट्ट्याने पिठाची चक्की जोडली आहे. आधी ते रिकामे चालवतात. धुराच्या नळीतून येणारे ठोके हलके आणि एकसारखे असतात, पट्टा वरच्या बाजूला थोडा सैल लोंबत असतो, आणि पट्ट्याचा धातूचा सांधा पुलीवरून जाताना दर फेऱ्याला बारीकसा ‘टिक’ आवाज येतो. मग मामा चक्कीच्या तोंडात ज्वारी ओततात. क्षणभर इंजिन दबल्यासारखे वाटते, गव्हर्नर इंधन वाढवतो, ठोका जड आणि खोल होतो, धुराचा रंग किंचित गडद होतो आणि ओढीच्या बाजूचा पट्टा तारेसारखा ताठ होतो. ज्वारी संपत आली की हे सगळे उलट क्रमाने घडते. इंजिनाने भार ‘उचलला’ असे जुने लोक म्हणत त्याचा अर्थ या दोन मिनिटांत कानांनी कळतो. संग्रहातला हा सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत कमी किमतीचा नग असेल, तरीही अडीचशे रुपयांतले दोनशे मी याच दोन मिनिटांच्या नावावर मांडीन.

येथेच मामा आणखी एक गोष्ट दाखवतात, जी कोणत्याही पाटीवर लिहिलेली नाही. पुलीची पट्टा बसतो ती बाजू सपाट दिसते, पण तिच्यावर आडवी पट्टी ठेवली की मध्यभागी ती किंचित फुगीर असल्याचे लक्षात येते. सपाट पट्टा नेहमी पुलीच्या मोठ्या व्यासाकडे सरकत जातो. मधला भाग फुगीर असला म्हणजे तो आपोआप मध्यावर येऊन बसतो आणि कडेला कठडा नसतानाही निसटत नाही. आयुष्यभर पिठाच्या गिरणीत रांगेत उभे राहिलेल्या माणसांनाही हे कधी दिसलेले नसते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा एक गट आमच्याबरोबर होता आणि त्यांच्यातल्या कुणालाही याचे उत्तर देता आले नाही. त्यात त्यांचा दोष आहे की त्यांच्या अभ्यासक्रमाचा, हा वेगळा विषय.

शेजारी लिस्टरचे सहा अश्वशक्तीचे इंजिन आहे, मिनिटाला ६५० फेरे घेणारे. इंग्लंडमधल्या डर्सली या गावी बनलेली ही मालिका १९३० च्या सुमारास बाजारात आली. तिचे वैशिष्ट्य असे की सुरू करण्यापूर्वी काहीही तापवावे लागत नसे. थंड इंजिनाला हँडल मारायचे आणि ते चालू व्हायचे. दोन्ही बाजूंना आऱ्यांची दोन जड चाके, झडपा उचलणारे उघडे पुश-रॉड, आणि कुणालाही पाना घेऊन उघडता येईल अशी बांधणी यांमुळे ते जगभर पसरले, आणि त्याच नमुन्याची इंजिने राजकोटला आजवर बनत आली आहेत. शेडमधले इंजिन मूळ विलायती आहे असे मालक म्हणतात, आणि ओतीव अक्षरे व पितळी पाटी पाहता ते पटते. मात्र ही पितळी पाटी इतक्या वेळा घासून चकचकीत केली गेली आहे की तिच्यावरचा क्रमांक आता तिरप्या उजेडात धरल्याशिवाय वाचता येत नाही. क्रमांक गेला की त्या इंजिनाचा जन्मदाखलाच जातो. झळाळीचा हा हव्यास ताबडतोब थांबला पाहिजे.

या इंजिनाला हँडल मारण्याची संधी पाहुण्यांना दिली जाते, आणि त्याआधी मामा जे सांगतात ते लक्षपूर्वक ऐकावे. झडप उचलून दाब सोडून द्यायचा, हँडल फिरवून चाकांना पुरेशी गती द्यायची, मग झडप खाली सोडायची. हँडल धरताना अंगठा पलीकडून वळवायचा नाही, तो चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. “इंजिन उलटं मारलं तर हँडल हातातनं सुटून जाऊ दे, ताई. अंगठा अडकवलात तर ते मनगट घेऊन जाईल,” एवढे एकच वाक्य ते आवाज चढवून बोलतात. आमच्या गटातल्या एका मुलीने दुसऱ्या प्रयत्नात ते सुरू केले आणि शेडमध्ये टाळ्या पडल्या. दुर्दैवाने या इंजिनाच्या पुलीला काहीही जोडलेले नाही. ते सुरू होते, एका लयीत चालते, आणि तीन-चार मिनिटांत लोकांचे लक्ष मोबाइलकडे वळते. भिंतीपाशी एक जुना पाण्याचा पंप पडून आहे. तो जोडायला एक पट्टा आणि दोन हौद पुरतील.

रॉकेलवर चालणारे एक लहान इंजिन मात्र बिनभाराचेच शोभून दिसते, कारण त्याची सगळी गंमत बिनभारातच आहे. त्याचा गव्हर्नर इंधन कमी-जास्त करत नाही. वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो धुराची झडप उघडीच अडकवून ठेवतो. मग सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होत नाही, आत येणारी झडप उघडत नाही, इंधन येत नाही आणि इंजिन नुसत्या चाकांच्या जोरावर फिरत राहते. वेग उतरला की अडकण सुटते आणि एक जोरदार ठोका पडतो. त्यामुळे त्याचा आवाज एक ठोका, मग पाच-सहा फेरे नुसताच सुस्कारा, मग पुन्हा ठोका, असा चालतो. मामा पुलीवर लाकडाची फळी दाबून धरतात आणि ठोके लगेच दाट होतात. सिलिंडरभोवतीच्या उघड्या पेटीतले पाणी उकळून वर वाफ येत असल्यामुळे अर्धे पाहुणे याला वाफेचे इंजिन समजून त्याचेच फोटो काढतात. पाटीवर दोन ओळी जास्त लिहिल्या तर हा घोळ टळेल.

ऑइल इंजिनांपैकी ऐतिहासिक दृष्ट्या सर्वांत मोलाचा नग कोपऱ्यात, कमी उजेडात ठेवला आहे. ते तप्त-गोळ्याचे इंजिन आहे. सिलिंडरच्या टोकाला ओतीव लोखंडाचा पोकळ गोळा असतो. सुरुवातीला तो ब्लो-लॅम्पने चांगला तापवायचा, मग इंजिन हाताने फिरवायचे, आत फवारलेले तेल त्या तापलेल्या गोळ्याला लागून पेट घेते आणि एकदा इंजिन चालू झाले की ज्वलनाच्या उष्णतेनेच गोळा तापलेला राहतो, दिवा काढून घेता येतो. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टने या पद्धतीचे एकस्व (पेटंट) १८९० साली घेतले आणि इंग्लंडमधल्या ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने त्यावरून इंजिने बनवायला सुरुवात केली. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन जर्मनीत ऑग्सबर्गला यशस्वीपणे चालले ते १८९७ साली. म्हणजे जड तेलावर चालणारी इंजिने डिझेलच्या आधीच बाजारात होती. डिझेलची खरी कमाई ती हवा नुसत्या दाबाने इतकी तापवण्याची की बाहेरून काहीच तापवावे लागू नये. पुढे १९१८ मध्ये हॉर्न्सबी आणि लिंकनची रस्टन या कंपन्या एकत्र आल्या आणि ‘रस्टन-हॉर्न्सबी’ हे नाव आपल्याकडच्या जुन्या पाणीपुरवठा योजना, बर्फाचे कारखाने आणि वीजघरे यांच्या दारांवर पोहोचले. एवढा मोठा दुवा येथे प्रत्यक्ष उभा आहे; पण शेडमध्ये त्याची पाटी फक्त इंग्रजीत, चार ओळींची, आणि त्यांतल्या तीन अश्वशक्ती, वजन आणि फेऱ्यांच्या. तापवायला वेळ लागतो म्हणून ते चालवून दाखवत नाहीत. मला वाटते, चहाच्या वेळेआधी ब्लो-लॅम्प लावून ठेवला तर चहा होईपर्यंत गोळा तापेल आणि लोक आनंदाने थांबतील.

वाफेच्या इंजिनांबाबत मात्र संग्रहाची मर्यादा आधीच समजून घेतली पाहिजे, नाहीतर अपेक्षाभंग होईल. येथे वाफ नाही. भारतात १९२३ च्या कायद्यापासून बॉयलरची नोंदणी आणि ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची आहे, आणि शंभर वर्षांच्या रिव्हेट मारलेल्या बॉयलरला दाबाखाली चालवण्याचे प्रमाणपत्र मिळवणे ही खासगी माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. ही सक्ती योग्यच आहे. फुटलेला बॉयलर आजूबाजूचे काही शिल्लक ठेवत नाही. म्हणून सगळी वाफेची इंजिने दाबाच्या हवेवर फिरवतात. आडव्या सिलिंडरचे, स्लाइड व्हॉल्व्हचे म्हणजे सरकत्या झडपेचे एक लहान इंजिन या पद्धतीने उत्तम चालते. दट्ट्याच्या दांड्याचे टोक धरणारा क्रॉसहेड आपल्या मार्गिकेत पुढे-मागे सरकताना, गव्हर्नरचे गोळे हळूहळू पसरताना आणि त्यांच्याबरोबर हवेची झडप आवळली जाताना सगळे उघड्यावर दिसते, आणि जेम्स वॅटने १७८८ साली इंजिनावर बसवलेली ही कल्पना किती सरळ होती हे समजते. पण हवेने चालणाऱ्या सिलिंडरला हात लावला तर तो थंड लागतो, कारण प्रसरण पावणारी हवा थंड होते. वाफेच्या इंजिनाचे निम्मे शास्त्र उष्णतेचे आहे: सुरू करण्याआधी सिलिंडर तापवायचे, आत साचलेले पाणी काढायला तळाच्या तोट्या उघडायच्या, पाणी राहिले तर दट्ट्या त्यावर आदळून झाकण फोडील म्हणून जपायचे. यांतले काहीही येथे दिसत नाही आणि मार्गदर्शनात सांगितलेही जात नाही. शिवाय हवेचा काँप्रेसर त्याच शेडमध्ये ठेवल्यामुळे त्याच्या खडखडाटात इंजिनाचा मूळ आवाज पार बुडून जातो. काँप्रेसर भिंतीपलीकडे हलवून नळी आत आणणे हा फार तर एका दिवसाचा खर्च आहे.

मार्शलचे पोर्टेबल इंजिन हे शेडचे मुख्य आकर्षण म्हणून जाहिरातीत मिरवते. लिंकनशरमधल्या गेन्सबरो येथील या कारखान्याची अशी इंजिने हिंदुस्थानात भरपूर आली. रेल्वे इंजिनासारखा आडवा बॉयलर, त्याच्या पाठीवर सिलिंडर आणि क्रँक, खाली चार लोखंडी चाके, आणि प्रवासात आडवी पाडता येणारी चिमणी असे त्याचे रूप असते. चाके असली तरी ते स्वतः चालत नाही. बैलांनी ओढून न्यायचे, जिनिंगच्या कारखान्यात किंवा शेतात उभे करायचे, लाकूडफाटा किंवा कोळसा घालून वाफ करायची आणि मोठ्या चाकावरून पट्टा घ्यायचा, अशी पद्धत होती. नग भव्य आहे. पण त्याला हिरवा आणि लाल चकचकीत रंग असा फासला आहे की मूळ रंगाचा मागमूस उरलेला नाही, भट्टीच्या दारातून आत लाल दिवा लावला आहे, आणि भोवती फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या आहेत. लाल दिव्यावर मुले खूश होतात हे मान्य. तरीही ज्या भट्टीत जाळीवरची राख, नळ्यांची तोंडे आणि वितळणारा सुरक्षा-प्लग दाखवता आला असता तिथे लग्नाच्या मंडपातली रोषणाई पाहून वाईट वाटते. जवळून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट नजरेत भरते. काही ठिकाणी मूळ व्हिटवर्थ आट्यांचे बोल्ट जाऊन बाजारात मिळणारे मेट्रिक बोल्ट आले आहेत. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० चा. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, म्हणजे मूळ भोकात नवे आटे पाडले गेले असणार. ज्याला फरक पडत नाही त्याला हा चोखंदळपणा वाटेल, पण जतनाची शिस्त अशाच ठिकाणी तपासता येते.

मुंबईच्या माणसाला येथे खरे शोधावेसे वाटते ते गिरणीचे इंजिन, आणि ते या शेडमध्ये नाही. त्याचे अवशेष आहेत. दोरांच्या खाचा असलेल्या पुलीचा एक तुकडा, गव्हर्नरचे दोन गोळे, तेलाच्या काचेच्या कुप्या, आणि सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख कागदावर काढणारे इंडिकेटर हे उपकरण त्याच्या लाकडी पेटीसह. या चार वस्तूंपुढे मामा जेवढे थांबतात तेवढे मार्शलपुढेही थांबत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झालेल्या गिरणीपासून पुढची साठ वर्षे गिरणगावाची सगळी हालचाल वाफेवर झाली. तळमजल्याला इंजिन-घर, त्यात मिनिटाला साठ-सत्तर फेरे घेणारे काही टन वजनाचे चाक, त्याच्या खाचांतून निघालेले सुती दोर प्रत्येक मजल्यावरच्या शाफ्टकडे जायचे, आणि शाफ्टवरून पट्टे साच्यांकडे, म्हणजे गिरणीतल्या यंत्रांकडे. इंजिनाचा वेग थोडा जरी डगमगला तरी चौथ्या मजल्यावर धागे तुटायचे. म्हणून इंजिनवाल्याचा दरारा मोठा असे. इंडिकेटरचा आलेख कसा वाचायचा, झडप उशिरा बंद झाली तर वरची रेघ कशी लांबते आणि कोळसा कसा वाया जातो, हे मामा बोटाने हवेत रेघ काढून सांगतात. मालकांनी एक फळा आणि खडू दिला तर बरे होईल.

ही इंजिने गेली कुठे, या प्रश्नाचे उत्तर शेडमध्ये मिळत नाही, आणि तेथे ते मिळायला हवे होते. लोक सहज १९८२ च्या संपाकडे बोट दाखवतात, पण संपाच्या कितीतरी आधी वाफ मागे पडली होती. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीला काढलेली वीज १९१५ मध्ये मुंबईत आली, तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक गिरण्याच होत्या, आणि विजेच्या मोटारी बसत गेल्या तसतशी इंजिन-घरे रिकामी होऊ लागली. संपानंतर आणि जमिनींच्या व्यवहारानंतर उरलेसुरले लोखंड मोडीत निघाले. लंडनच्या सायन्स म्युझियमने इंग्लंडमधल्याच बर्नलीत १९०३ साली बनलेले, १९७० पर्यंत १७०० माग चालवणारे ७०० अश्वशक्तीचे गिरणी-इंजिन जपले आहे. ज्या शहराची कमाई अशाच इंजिनांवर उभी राहिली त्या मुंबईत खाचांच्या पुलीचा एक तुकडा पाहायला रे रोडला यावे लागते. एका कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने हा तुकडा तरी भंगारातून वाचवला याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजेत, आणि म्हणूनच त्याच्या शेजारी खोपोलीबद्दल एक नीट पाटी, तीही मराठीत, लावण्याची अपेक्षा ठेवणे अवाजवी नाही.

बाकी व्यवस्थेबद्दल थोडक्यात. फिरत्या चाकांभोवती फक्त दोरी बांधलेली आहे, लोखंडी कठडा नाही. ओढणी, पदर, मोकळे केस आणि लहान मुले यांच्याबाबत स्वतःच सावध राहावे लागते आणि मालकांनी हे काम पाहुण्यांवर सोडू नये. जमिनीवर तेल सांडलेले असते. डिझेल इंजिने चालू असताना धूर शेडमध्ये कोंडतो, दम्याच्या रुग्णांनी दाराजवळ उभे राहावे. स्वच्छतागृह आहे आणि स्वच्छ आहे. चहा चांगला मिळतो. फोटो काढायला मनाई नाही. छापील माहितीपत्रक मात्र आर्ट पेपरवरचे, महागडे आणि चुकांनी भरलेले आहे. त्यात वॅटने वाफेचे इंजिन ‘शोधले’ असे लिहिले आहे, तर न्यूकॉमेनचे इंजिन १७१२ पासून खाणीतले पाणी उपसत होते आणि वॅटची थोरवी १७६९ मध्ये एकस्व घेतलेल्या वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे वाफ सिलिंडरबाहेर थंड करणाऱ्या भांड्याची आहे, ज्यामुळे सिलिंडर दर फेरीला थंड करण्याची गरज संपली आणि कोळशाचा खर्च उतरला. माहितीपत्रक न घेता मामांच्या जवळ उभे राहणे हा अधिक चांगला सौदा आहे.

जून ते सप्टेंबर शेड बंद असते, कारण पावसात वाटेवर पाणी भरते आणि खाऱ्या दमट हवेत उघडे लोखंड गंजू नये म्हणून सगळ्या इंजिनांना ग्रीस फासून ताडपत्र्या घातल्या जातात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली असह्य उकडते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली, शक्यतो सकाळची वेळ मागावी. दुपारच्या गटांना चक्की चालवून दाखवतीलच याची खात्री नसते, तेव्हा नोंदणी करतानाच ते विचारून घ्यावे आणि स्वतःची किलोभर ज्वारी नेली तरी चालते. पीठ परत मिळते, भाकरीही चांगली होते, फक्त पहिली मूठ बाजूला काढावी.